सीटखालचा आवाज

माझ्या नवऱ्याचे कान भट्टीने खाल्ले. ही तक्रार नाही. भट्टीने आम्हाला सेक्टर दहामधलं क्वार्टर दिलं, मुलीचं शिक्षण केलं, म्हातारपणी दोन वेळचं ताट दिलं, आणि बदल्यात कान घेतले. एवढी वर्षं लोखंडाच्या आवाजात उभा राहिलेला माणूस कान शाबूत घेऊन घरी येईल, असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

ते पोलादाच्या कारखान्यात, लोखंड वितळवायच्या भट्टीच्या मेंटेनन्समध्ये वेल्डर होते. रिटायर झाले तेव्हा थोडंफार ऐकू यायचं. मग बारीक आवाज एकेक करून गेले. कुकरची शिट्टी गेली, फोनची घंटी गेली, शेवटी मी गेले. जाड आवाज तेवढे राहिले. ट्रक गेला की मान वळवायचे. दुर्गला जाऊन कानाची मशीन आणली, ती आठ दिवस घातली.

"भांड्याचाच आवाज येते वं हिच्यात, माणसाचा नाई," असं म्हणून त्यांनी ती डबीत ठेवली. डबी अजून देवाच्या खणात आहे. कधीमधी तिलाही हळदकुंकू लागतं.

घरात आम्ही हाताने बोलायचो. त्याची सवय त्यांना आधीपासून होती. भट्टीवर कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, तिथली माणसं हातानेच बोलतात. मूठ वर केली की थांब. पंजा गोल फिरवला की चालू कर. आणि एक हात नाकातोंडावर दाबून दुसऱ्या हाताने बाहेर दाखवलं की गॅस आहे, पळ. पहिल्या दोन खुणा घरात रोज लागायच्या. तिसरी त्यांनी मला एकदाच दाखवली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि सांगितलं होतं, "हे मजाकमध्ये नाई कराचं."

गॅसचं मला तेव्हापासून माहीत होतं. त्यांना सुरक्षेचे धडे द्यायचे, त्याची हिंदीतली पुस्तिका घरी आणायचे. ते दुसरीत शाळा सोडलेले, मी चौथी पास. म्हणून मी वाचायची आणि ते पाठ करायचे. चुलीवर भात, मांडीवर पोर आणि हातात ती पुस्तिका. भट्टीच्या गॅसला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं. कपाळाभोवती फडकं आवळल्यासारखं वाटतं. मग गुडघे ढिले पडतात, मळमळतं, झोप येते. आणि त्यानंतर माणसाला काहीच वाटत नाही, म्हणून त्याच्या आधी बाहेर या. खाली नियम होता. गॅसच्या जागी एकट्याने जायचं नाही. एक आत, एक बाहेर. आतला पडला तर बाहेरच्याने धावत आत शिरायचं नाही, नाही तर एकाऐवजी दोन मुडदे काढावे लागतात. हे मी इतक्यांदा वाचलं की त्यांच्याआधी मलाच पाठ झालं.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. लहानशी. क्वार्टरच्या बाजूला, मेंदीच्या कुंपणाला लागून टिनाचं शेड बांधलं आणि तिथे ती ठेवली. दर रविवारी आम्ही नंदिनी नगरला जायचो. मुलगी तिथे दिलेली, जावई चुनखडीच्या खाणीवर.

पण कान गेले तशी गाडी त्यांच्या हातातून जायला लागली. गाडी चालू आहे की बंद, हेच कळेना. चालू गाडीला परत चावी मारायचे, ती किंचाळायची, रस्त्यावरचे लोक बघायचे. पहिल्या गिअरमध्येच अर्धा सेक्टर पार करायचे. एकदा रेल्वेच्या फाटकावर गाडी बंद पडली. त्यांना पत्ता नाही. फाटक उघडलं, ते आपले पाय दाबून बसले आहेत, मागे हॉर्नची रांग. एक जण खिडकीशी येऊन बोलला ते मी इथे लिहीत नाही. त्यांना ऐकू आलं नाही हे बरं झालं, मला आलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी विकून टाका. मीच येत जाईन." मोठ्याने म्हणाली, क्वार्टरच्या सगळ्या लाइनीला ऐकू जाईल एवढ्याने. त्यांनी ऐकू न आल्याचं तोंड केलं. त्या दिवशी त्यांना ऐकू आलं होतं.

मीही विका म्हटलं नाही. गाडी गेली तर हा माणूस ओट्यावर बसून सहा महिन्यांत संपेल, हे मला दिसत होतं. त्यांच्याबरोबरचे तसे संपलेले मी पाहिले होते.

एका संध्याकाळी आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. समोरच्या रस्त्यावरून एक लाल गाडी गेली. सायलेन्सर काढून मोठा पाईप लावलेली, पोरं लावतात तशी. बशीत कप वाजला. मी शिवी दिली. ते मात्र उठून उभे राहिले, गाडी वळेपर्यंत पाहत राहिले.

"गिअर बदलला त्यानं," ते म्हणाले. "दुसऱ्याचा तिसरा केला. मले आयकू आलं."

तिथून हे सुरू झालं.

ते गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने हात जोडले. "अंकल, इस उमर में? पुलिस पहले मेरे को पकड़ेगी." मग त्यांनी स्वतःच करायचं ठरवलं. भंगारवाल्याकडून पाईप आणला, ओळखीच्याकडून वेल्डिंगचं मशीन आणलं, कपाटावरून जुना काळा चष्मा काढला. तीन दिवस शेडमध्ये गाडीखाली पडून होते. मी पाणी द्यायची, पान्हा द्यायची. सायलेन्सर कापून शेडच्या कोपऱ्यात टाकला. नवा पाईप त्यांनी मागच्या बंपरपर्यंत नेला नाही. मागच्या सीटखालीच संपवला.

मी हाताने विचारलं, एवढा आखूड का.

"मांगं नेला तर आवाज मांगंच सांडते. मले पाठीत पाहिजे."

गाडीचा फर्श गंजला होता. मागच्या रबरी चटईखाली एक जागा अशी होती की बोट घातलं तर आरपार जायचं. त्यावर त्यांनी पत्र्याचा तुकडा ठेवला. हे पुढच्या वेळी वेल्ड करू म्हणाले. चटई मी स्वतः धुऊन त्यावर टाकली.

गाडी चालू केली तेव्हा मी शेडच्या दारात होते. भट्टीत दाब वाढला की वरचा गॅस सोडतात. पूर्वी तो आवाज क्वार्टरपर्यंत यायचा. यायचा तेव्हा लाइनीतल्या सगळ्या बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. कोणी बोलायचं नाही, प्रत्येक जण आपला माणूस कोणत्या शिफ्टमध्ये आहे ते आठवायची. तसाच आवाज आता माझ्या अंगणातून निघाला. टिन थरथरलं. नवरा घरात, पेन्शनीत, समोर बसलेला, आणि मी तो कोणत्या शिफ्टला आहे ते आठवत होते.

ते हसत होते. दोन वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"आयकू येऊन राहिलं," ते म्हणाले. "कानात नाई वं. पोटात वाजते."

त्यानंतर ते गाडी खरोखर चांगली चालवायला लागले. गिअर वेळेवर पडायचे. लोक काय म्हणाले ते सांगण्यासारखं आहे, पण थोडक्यात सांगते. शेजारच्या क्वार्टरमधली सून छत्तीसगढी आहे, तोंडाची फटकळ आणि मनाची बरी. ती कुंपणावरून म्हणाली, "काकी, कका के गाड़ी आथे त मोर कुकर के सीटी नइ सुनाय. काल दाल जर गे." मी म्हटलं, तुझी डाळ आधीही जळायची. चौकात दोन मोटरसायकलवाल्या पोरांनी गाडी थांबवून विचारलं, "अंकल, किधर से करवाया?" ओठ पाहून ह्यांना कळलं. "खुद किया," म्हणाले, आणि मग घरी येईपर्यंत ताठ बसले.

पाऊस संपून थंडी लागली तशा आम्ही काचा बंद करायला लागलो.

पहिल्या रविवारी माझं डोकं दुखलं. मी म्हटलं, आवाजाने. दुसऱ्या रविवारी परत दुखलं. नंदिनीला पोचून चहा घेतला, अंगणात बसले, अर्ध्या तासात उतरलं. मुलगी म्हणाली, "आई, बीपी पाहून घे." तिसऱ्या रविवारी मळमळलं. आणि माझा नवरा, जो मुलीच्या घरी गेला की आधी पोह्याची बशी मागतो, तो पोचल्या पोचल्या आडवा झाला. दीड तास घोरत पडला. वय झालं, आम्ही सगळ्यांनी म्हटलं. वय झालं म्हटलं की सगळं बसतं.

चौथ्या रविवारी आम्ही चारच्या सुमाराला परत निघालो. उन्हं होती, पण वारा गार. मुलीने तिळाचे लाडू दिले होते, तो डबा माझ्या मांडीवर. नंदिनीच्या रस्त्याला गिट्टीचे ट्रक चालतात. आवाजामुळे आम्ही गाडीत बोलत नसू. थोड्या वेळाने डबा माझ्या हातातून घसरून पायाशी पडला. मी उचलायला वाकले आणि मला वाकताच येईना. गुडघ्यावर हात ठेवला तर तो गुडघा दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. कपाळाभोवती कोणी फडकं आवळून गाठ मारली होती.

कपाळाभोवती फडकं.

चूल, भात आणि ती पुस्तिका एकदम समोर आली. पुढची ओळ मला माहीत होती. गुडघे झाले, मळमळ झाली, आता झोप. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं. डोळे रस्त्यावर होते, पण पाहत नव्हते. गाडी हळूहळू उजवीकडे चालली होती आणि समोरून ट्रक येत होता.

"काच उघडा," मी ओरडले. माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. सीटखाली तो आवाज चाललेला. माझ्या बाजूच्या काचेचा दांडा घट्ट होता, हातात जोर नव्हता. मी त्यांचा दंड हलवला, ते नुसते हलले. एवढी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती, बाळंतपणातही नाही. भीती वाटत होती आणि त्याच वेळी झोपही येत होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. झोपावं, काय होतं, असं कोणीतरी आतून सांगत होतं.

मी एक हात नाकातोंडावर दाबला आणि दुसरा त्यांच्या डोळ्यांसमोर नेऊन दाराकडे दाखवला.

मी बोललेलं त्यांना कळलं नसतं. लिहून दाखवलेलंही नसतं. पण हाताची ती खूण पाहून त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी कच्च्यावर उतरून धक्क्याने बंद पडली. ट्रक हॉर्न देत गेला. ह्यांनी दार उघडलं, बाहेर पडले, मान वर करून वारा कुठून आहे ते पाहिलं, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस वाऱ्याच्या दिशेने शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून पळत सुटला. शंभर पावलं पळाला. मला आत सोडून. मी माझं दार माझ्या हाताने उघडून उतरले आणि खाली बसले. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं.

धुऱ्यावरून ते ओरडले, "कुठी आहे गॅस?"

मी गाडीकडे बोट केलं.

ते परत आले ते रागाने. "याच्यात कुठचा गॅस? हे काय भट्टी आहे? मरता मरता वाचलो तुह्यापायी."

बराच वेळ आम्ही तिथे बसलो. लाडू खाल्ले. मग चारही काचा उघड्या टाकून घरी आलो. मी बसले त्याच गाडीत. तिथून घरी जायला दुसरं काही नव्हतं.

सकाळी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, डोकं, कपाळ, गुडघे, मळमळ, झोप. एकाखाली एक. त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी अक्षराला अक्षर लावून वाचलं. त्यांना ते पाठ होतंच.

"माहा जोड लीक नाई करत," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत एक जोड वापस नाई आला. इंजिनेर लोक विचारत, कोणाचा जोड आहे म्हणून."

मी खाली लिहिलं, जोड नाही, भोक. चटईखालचं. पाईपचा धूर तिथून आत येतो.

"त्याच्यावर पत्रा आहे. तुले विश्वास नाई न? टेस्ट घेऊ मंग. प्लांटसारखी. एक आत, एक बाहेर."

त्यांचं म्हणणं असं. गाडी शेडमधून काढून अंगणात उभी करायची. ते आत बसणार, काचा बंद, गाडी चालू. मी दहा पावलांवर कुंपणाशी स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन उभी राहणार. दर मिनिटाला ते हात वर करतील. हात वर आला नाही तर मी दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत काही झालं नाही तर या गाडीबद्दल घरात परत अक्षर काढायचं नाही.

मी हो म्हटलं. का म्हटलं, हे मला नंतर मुलीने विचारलं, डॉक्टरने विचारलं, शेजारणीने विचारलं. एक तर मला वाटलं, दोन-चार मिनिटांत कंटाळून उतरतील. आणि खरं सांगायचं तर माझीच चूक निघावी असं मला वाटत होतं. वय निघावं, बीपी निघावं. त्यावर गोळी मिळते.

त्यांनी गाडी चालू केली. लाइनीतले कुत्रे भुंकायला लागले. मी घड्याळ पोटाशी धरून उभी राहिले.

पहिल्या मिनिटाला हात वर आला तो आतून गाडीच्या टपाला लागला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला त्यांनी मला सलाम केला. चौथ्याला झोपल्याचं सोंग केलं, मान टाकली, मी एक पाऊल पुढे झाले, तर डोळा उघडून हसले आणि हात वर केला. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पाच. सहा. शेजारची सून भांडी घासता घासता कुंपणाशी आली, काहीतरी विचारलं, मी तिला हाताने गप्प केलं.

सातव्या मिनिटाला हात खांद्यापर्यंतच आला.

आठव्याला उशिरा आला. मी घड्याळ पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, परत घड्याळ पाहिलं, तेव्हा आला. नवव्याला नुसती बोटं हलली, स्टिअरिंगवर. ते माझ्याकडे पाहत होते. मी मूठ वर केली, बंद करा. त्यांनी मान हलवली, नाही. हसले नाहीत. दहाव्याला दोन बोटं.

अकराव्याला काही नाही.

ते माझ्याकडेच पाहत होते, मान जरा तिरपी. मला वाटलं सोंग करत आहेत. मघाशी केलं होतं तसं. मी गेले तर म्हणतील, पाह्य, तुले धीर नाई, हरली तू. मी थांबले. सेकंदाचा काटा अर्धा फिरला. हे अर्धं मिनिट मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला मी सांगितलं की हात आला नाही आणि मी धावले.

मग मी धावले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार त्यांनी सवयीने आतून लावून घेतलं होतं. काचेवर थापा मारल्या, काचेआड ते माझ्याकडे पाहत होते आणि पापणी हलत नव्हती. मी गाडीला वळसा घातला. त्या बाजूचं दार उघडलं. दार उघडून बाजूला व्हायचं, असा नियम. मी श्वास कोंडला, अर्धं अंग आत घातलं, चावी फिरवली, त्यांच्या दाराचा खटका वर केला आणि बाहेर येऊन पडले.

आवाज बंद झाला. कुत्रेही गप्प झाले.

शेजारची सून कुंपण ओलांडून आली होती, हाताला राख तशीच. तिने पलीकडून दार उघडलं आणि काखेत हात घालून त्यांना पोत्यासारखं बाहेर ओढलं. अंगणात टाकलं. मी त्यांच्या गालावर मारलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जास्तच. मग त्यांनी श्वास ओढला आणि माझ्या पदरावर ओकले. ते ओकले तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. मी सहसा घेत नाही.

थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलले. "किती झाले?"

मी बोटांनी दाखवलं, अकरा.

"पंधरा नाई झाले," ते म्हणाले आणि परत ओकले.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत त्यांना नाकातोंडावर ऑक्सिजन लावून ठेवलं. तरुण डॉक्टर होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने ह्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "अंकल, आप तो भट्टी वाले हो. आपको गैस हम समझाएँ?" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मुलगी आली, आधी रडली, मग म्हणाली गाडी उद्याच्या उद्या विकायची. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना ऐकू आलं होतं का, ते मला माहीत नाही. मास्कमधून हवेचा आवाज येत होता.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसायला लागले. आठ दिवस बसले. गाडीचं नाव काढलं नाही, शेडकडे पाहिलं नाही. पेपर उघडून एकच पान घेऊन बसायचे. जेवण अर्धं राहायचं. आता मला दोन बाजूंनी भीती. गाडीत बसले तर जातील, आणि ओट्यावर बसले तरी जातील, फक्त जरा हळू.

नवव्या दिवशी मी गॅरेजवाल्याला बोलावलं. फर्श पूर्ण कापून नवा पत्रा मारायला लावला. नवा सायलेन्सर, बंपरच्या बाहेरपर्यंत. त्यांना हात लावू दिला नाही. ते ओट्यावरून पाहत होते. दुपारी न राहवून उठले आणि गॅरेजच्या पोराच्या मागे जाऊन उभे राहिले. "असा नाई मारत जोड," त्याला म्हणाले. तो म्हणाला, "अंकल, आप बैठो." ते बसले नाहीत.

गाडी चालू केली तर मला ऐकू येत होती, त्यांना नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खांदे पाडले.

मी पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि पंजा गोल फिरवला. चालू आहे, चला.

त्या दिवसापासून मी ऐकते आणि ते चालवतात. इंजिन चिडलं की एक बोट वर, गिअर टाका. धापा टाकायला लागलं की बोट खाली. बंद पडली की मूठ. शिकायला मला महिना लागला. आधी दोनदा चुकीचं बोट केलं आणि आम्ही चढावर उलटे गेलो. मुलगी म्हणते, आई, यापेक्षा गाडी विकलेली बरी. मलाही तसंच वाटतं. मला ती गाडी आवडत नाही. थोडं कपाळ दुखलं तरी मी गाडी थांबवायला लावते, उतरते, वाऱ्यात उभी राहते. मग कळतं की चष्म्याचा नंबर वाढला आहे. पण एकट्याने जायचं नाही, हा नियम आहे, आणि ते घरी राहणार नाहीत. म्हणून मी जाते.

काच दोन बोटं उघडी ठेवायची, जानेवारीतसुद्धा. ते कानटोपी घालून कुरकुर करतात, "थंडीनं मारशील मले." मी ऐकत नाही.

मागच्या रविवारी तीच जागा आली, जिथे ते धुऱ्यावरून पळाले होते. ते सरळ बसून चालवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, नुसतंच, काही मागितलं नव्हतं. त्यांनी स्टिअरिंगवरचा डावा हात उचलून टपाला लावला.

मी त्या हातावर चापट मारली आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवायला लावला. समोरून ट्रक येत होता.